फोटोरेक: नऊ महिने, अकरा कार्डं

मार्गशीर्षातलं लग्न होतं. सकाळी साडेदहाला मंडपातून आमच्या मदतनीस मुलाचा फोन आला, “ताई, हळदीचं कार्ड रात्री कॉम्प्युटरवर घेतलं होतं ना तुम्ही?”

घेतलं नव्हतं. हळद आटपायलाच एक वाजला होता. कार्ड सकाळी उतरवू म्हणून आम्ही झोपलो, आणि सकाळी त्यानं नवा दिवस म्हणून तेच ६४ जीबीचं कार्ड कॅमेऱ्यात फॉरमॅट केलं. वर सीमांतपूजनाचे ३८ फोटोही काढून झाले होते. मी त्याला एवढंच सांगितलं, की कॅमेरा बंद कर, कार्ड बाहेर काढ आणि माझ्या हातात येईपर्यंत ते कशातही घालू नकोस.

बार्शीत आमचा छोटा स्टुडिओ आहे. नवरा शूट करतो. अल्बम आणि कॉम्प्युटरची बाजू माझ्याकडे. त्या रात्री मी फोटोरेक, म्हणजे कार्डावरून गेलेले फोटो परत काढणारं सॉफ्टवेअर, पहिल्यांदा चालवलं. भाद्रपदापर्यंतच्या नऊ महिन्यांत आमची आणि लोकांची मिळून ११ कार्डं त्यातून काढली. सहांमधले फोटो जवळपास सगळे मिळाले, तीन कार्डांमधले अर्धेमुर्धे, दोन कार्डांमधून काहीच नाही.

फोटोरेक हे क्रिस्तॉफ ग्रेनिए या फ्रेंच प्रोग्रामरनं लिहिलेलं मुक्त सॉफ्टवेअर. २००२ पासून आहे, पूर्ण फुकट आहे, विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालतं. मी ७.२ आवृत्ती वापरते. इन्स्टॉल करावं लागत नाही, झिप उघडायची आणि आतला क्यूफोटोरेक सुरू करायचा. काळ्या पडद्यावर बाणांच्या बटणांनी चालणारा मूळ फोटोरेकही सोबत असतो, पण सुरुवातीला क्यूफोटोरेकच घ्या. त्यात निदान माउस चालतो. दिसायला रुक्ष आहे. आधी फोटो दाखवून मग पैसे मागणारी सॉफ्टवेअरं मीही पाहिली. त्यांच्यातला एक चांगला गुण म्हणजे फोटो परत येतील की नाही हे आधी दिसतं. इथं ती सोय नाही. काढून पाहायचं, मगच कळतं.

फॉरमॅट केलेलं कार्ड रिकामं दिसतं, पण रिकामं नसतं. कॅमेऱ्यातल्या साध्या फॉरमॅटमध्ये फक्त कोणती फाइल कुठे ठेवली याची नोंदवही कोरी होते, फोटो जागच्या जागी राहतात. (काही कॅमेऱ्यांत ‘लो लेव्हल फॉरमॅट’ असा वेगळा पर्याय असतो. तो निवडला असेल तर मात्र आशा सोडा.) फोटोरेक ती वही वाचायच्या भानगडीत पडतच नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत कार्ड वाचत जातं आणि फायलींच्या खुणा शोधतं. जेपीईजी फाइल ‘एफएफ डी८’ या दोन बाइटांनी सुरू होते आणि ‘एफएफ डी९’ यांनी संपते. अशा शेकडो प्रकारच्या फायलींच्या खुणा त्याला माहीत आहेत. कार्डावर ते काहीही लिहीत नाही, फक्त वाचतं, आणि माझा विश्वास बसला तो यामुळे.

त्या रात्री ६५० पैकी ६१२ फोटो परत आले. जे ३८ गेले ते कोणते, हे मला आधीच कळायला हवं होतं. फॉरमॅटनंतर कॅमेरा पुन्हा कार्डाच्या सुरुवातीपासून लिहू लागला होता, म्हणजे सीमांतपूजनाचे ३८ फोटो हळदीच्या पहिल्या ३८ फोटोंवरच जाऊन बसले. ते पहिले फोटो घाणा भरण्याचे होते. जात्याला हळद लावून सुपारी बांधलेली, नवरीची आजी ओवी म्हणतेय, पाच सवाष्णी मुसळ धरून उभ्या. त्यातला एकही फोटो कुठल्याच सॉफ्टवेअरनं परत येणार नाही, कारण ती जागाच आता दुसऱ्या फोटोंची आहे. आम्ही दोघं नवरीच्या वडिलांकडे जाऊन काय झालं ते सांगून आलो. त्यांच्या भाच्यानं मोबाइलवर थोडा व्हिडिओ काढला होता, त्यातल्या चार फ्रेम अल्बमात लावल्या. हे इथं लिहितेय कारण “फॉरमॅट झालं तरी सगळं परत मिळतं” असं दुकानादुकानांत ऐकायला मिळतं. परत मिळतं ते फक्त ज्याच्यावर नवीन काही लिहिलं गेलेलं नाही तेवढंच.

फोटो परत आले तरी काम तिथं संपत नाही, खरं तर सुरूच होतं. नोंदवहीच नाही म्हटल्यावर नावंही नाहीत. ५००-५०० फायलींची फोल्डरं तयार होतात आणि आत ‘एफ’ हे अक्षर आणि पुढे लांबलचक आकडा अशी नावं. सोबत ‘टी’नं सुरू होणाऱ्या चिमुकल्या फायली येतात, त्या फोटोंच्या पोटातल्या थंबनेल असतात, निर्धास्त बाजूला काढा. पहिल्या रात्री हे माहीत नव्हतं. सगळे फोटो बारीक होऊन आले असं वाटून माझ्या पोटात गोळा आला होता.

क्रम लावायला एक्झिफटूल वापरा. तेही फुकट. प्रत्येक फोटोत तो काढल्याची तारीख-वेळ लिहिलेली असते, त्यावरून ते सगळ्या फायलींना एका फटक्यात नावं देतं. माझा पहिला अल्बम यामुळेच वेळेत गेला. फक्त कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर हवं. एका गिऱ्हाइकाच्या कॅमेऱ्यातली घड्याळाची बॅटरी कधीच संपली होती, त्याच्या चार वर्षांच्या सहलींवर एकच तारीख पडलेली. ते सगळं कपडे आणि डोंगर बघून हातानं लावावं लागलं.

याच क्रमवारीत आणखी एक गोष्ट समोर आली. पूर्ण कार्ड तपासायला सांगितलं की या लग्नाचेच नव्हे, तीन लग्नांपूर्वीचेही फोटो वर येतात. दुसऱ्यांच्या घरातले, दुसऱ्यांच्या मुलीबाळींचे. तारखेवरून ते वेगळे केले आणि लगेच पुसले. तेव्हापासून आमचं जुनं कार्ड आम्ही कुणाला विकत नाही, उसनंही देत नाही.

नुसता डिलीट झालेला फोटो, आणि त्यानंतर कार्डाला हातही लावलेला नाही, अशा वेळी फोटोरेकच्या आधी त्याच झिपमधलं टेस्टडिस्क चालवून बघा. डिलीट करताना ३२ जीबीपर्यंतच्या फॅट कार्डावर (फॅट ही नोंदवही ठेवायची एक पद्धत) फाइलच्या नावाचं फक्त पहिलं अक्षर बदलतं, बाकीची नोंद तशीच राहते. टेस्टडिस्क ती नोंद वाचून जवळपास पूर्ण नावासकट फाइल परत देतं. पुतण्यानं चुकून उडवलेले बारशाचे २० फोटो असे पाच मिनिटांत मिळाले.

आता बिघडलेल्या कार्डांबद्दल. शेजारच्या आजींनी मार्चमध्ये एक २ जीबीचं कार्ड आणून दिलं. जुन्या पॉकेट कॅमेऱ्यातलं, कित्येक वर्षं कपाटात पडून होतं. त्यात आजोबांचे शेवटच्या पंढरपूर वारीचे फोटो. कॉम्प्युटरला लावलं की विंडोज विचारायचं, डिस्क फॉरमॅट करायची का? आजींच्या नातवानं ‘नाही’ म्हटलं, त्याचं मला फार कौतुक वाटतं. दुरुस्तीच्या नावाखाली विंडोजमधलं चेकडिस्क चालवतात तेही आधी करू नका, ते कार्डावर लिहितं.

अशा कार्डावर मी थेट फोटोरेक चालवत नाही. मरायला टेकलेलं कार्ड एकदा वाचून होईल, दुसऱ्यांदा होईलच असं नाही. म्हणून आधी डीडीरेस्क्यू नावाच्या सॉफ्टवेअरनं कार्डाची पूर्ण प्रत हार्ड डिस्कवर घेते. ते आधी नीट वाचता येणारा भाग उचलतं, अडणाऱ्या जागा मागे ठेवतं आणि शेवटी तिथं पुन्हापुन्हा प्रयत्न करतं. कुठपर्यंत झालं त्याचा नकाशा ठेवत असल्यानं मध्येच थांबवून दुसऱ्या दिवशी पुढे चालू करता येतं. यासाठी पेनड्राइव्हवर लिनक्स ठेवलंय. नंतर फोटोरेकला कार्डाऐवजी ती प्रत द्यायची. चुकलं तर प्रत आहे, शंभर वेळा प्रयत्न करा.

आजींचे २१४ फोटो मिळाले. त्यातले तीसेक वरून अर्धे चांगले आणि खाली राखाडी, किंवा मध्येच रंग बदलून सरकलेले. जेपीईजीमध्ये पुढचा तुकडा मागच्या तुकड्याच्या हिशोबानं लिहिलेला असतो, म्हणून मध्ये एक घोटाळा झाला की खालचं सगळं बिघडतं. ते सुधारत नाहीत. पण आजोबा चंद्रभागेच्या वाळवंटात टाळ घेऊन उभे आहेत तो फोटो पूर्ण निघाला. तो मी १२ बाय १८ आकारात छापून दिला. आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, “ह्यो टाळ अजून माळ्यावर हाय.”

रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यानं जेपीईजी न बनवता ठेवलेला कच्चा फोटो, अर्धवट निघाली तर लगेच टाकून देऊ नका. तिच्या पोटात बहुधा एक मोठा जेपीईजी असतो, एक्झिफटूलनं तो बाहेर काढता येतो. छापण्याइतका चांगला असा फोटो मला दोनदा मिळालाय.

व्हिडिओच्या बाबतीत फोटोरेकवर फार भिस्त ठेवू नका. मोठी फाइल कार्डावर सलग नसेल तर खुणांवरून शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला तुकडे जुळवता येत नाहीत. वरातीत बॅटरी संपून अर्धवट राहिलेली फाइल हा मात्र वेगळा प्रकार आहे. एमपी४ची अनुक्रमणिका बऱ्याच कॅमेऱ्यांत रेकॉर्डिंग थांबल्यावर शेवटी लिहिली जाते, ती राहून जाते म्हणून फाइल उघडत नाही. अनट्रंक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरला त्याच कॅमेऱ्याचा, त्याच सेटिंगचा एक चांगला व्हिडिओ नमुना म्हणून दिला की ते बिघडलेली फाइल पुन्हा बांधतं. आमची वरात आवाजासकट मिळाली.

मोबाइलबद्दल रोज कुणीतरी विचारतं. फोनच्या आतल्या मेमरीवर हे चालत नाही, तिथला मजकूर एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात, असतो. फोनमधलं सुटं मायक्रोएसडी कार्ड, जे फोननं स्वतःच्या मेमरीत जोडून घेतलेलं नाही, तेवढ्यावरच चालतं.

काहीच न मिळालेल्या दोन कार्डांपैकी एक नकली होतं. वर १२८ जीबी लिहिलेलं, आत खरी जागा ८ जीबीच्या आसपास. पुढचे फोटो त्यावर कधी लिहिलेच गेले नव्हते, आणि त्याआधीचे त्या माणसानं आणायच्या आधीच लो लेव्हल फॉरमॅटनं घालवले होते. आता नवीन कार्ड आलं की पॅकेट फोडल्याबरोबर एफ३ किंवा एच२टेस्टडब्ल्यू चालवून ते पूर्ण भरून, परत वाचून तपासते. ६४ जीबीला बराच वेळ जातो, पण लग्नाच्या आधी जातो.

दुसरं कार्ड परांड्याच्या एका शिक्षकांचं. मायक्रोएसडी, कुठल्याच रीडरमध्ये दिसतच नाही. कार्ड दिसलंच नाही तर फोटोरेकसमोर वाचायला काही नाही. पैसे खर्च करायचे तर अशाच कार्डावर, लॅबमध्ये. मायक्रोएसडीत कंट्रोलर आणि मेमरी एकाच तुकड्यात असतात, वरचा लेप खरवडून आतल्या जोडांना बारीक तारा लावाव्या लागतात. पुण्यातल्या एका लॅबनं सांगितलेला खर्च गुरुजींच्या आवाक्याबाहेर होता. त्यात त्यांच्या शाळेची शेवटची सहल आहे, पुढच्या वर्षी ती शाळा दुसरीत मिसळली. गुरुजी म्हणाले, “दिवाळीनंतर बघू, ताई. तोवर तुमच्यापाशीच राहू द्या.” कार्ड पाकिटात घालून वर त्यांचं नाव आणि ‘कशातही घालू नये’ असं लिहून ड्रॉवरमध्ये ठेवलंय.