लाइव्ह क्लास की रेकॉर्डेड कोर्स?

ऑनलाइन शिकायचंय, पण दोन्हींत अडकलात? जाहिरातीतलं सर्टिफिकेट बाजूला ठेवा.

डिजिटल कौशल्य: रेकॉर्डेडमध्ये व्हिडिओ चालवता आला की बहुतेक भागतं. लाइव्हमध्ये माइक म्यूट करणं, स्क्रीन शेअर करणं, सगळं चारचौघांत जमवावं लागतं. घाम फुटतो, पण हात तिथेच बसतो.

ओळखीपाळखी: लाइव्ह सरस. अर्थात सगळ्यांचे कॅमेरे बंद आणि एकटे सर बोलतायत, तर तोही रेकॉर्डेडच म्हणायचा! छोटे गट पाडून काम देतात का, आधी विचारा. सोबत कुणी नसलं की अभ्यास सुटतो: २०१२च्या सुमारास गाजलेल्या मोठ्या मोफत रेकॉर्डेड कोर्सना नाव नोंदवणारे बहुतेक जण शेवटपर्यंत पोहोचलेच नाहीत.

वेळेची मोकळीक: अर्थातच रेकॉर्डेड.

नोकरी सांभाळून एखादंच कौशल्य हवं असेल तर रेकॉर्डेड घ्या. एकट्याने अभ्यास रेंगाळतो किंवा कॉम्प्युटरची भीती आहे, त्यांनी छोट्या बॅचचा लाइव्ह.