68,500 रुपयांचं पिस्तूल, ज्याच्या कानाला भोकच नाही

लाज वाटते, पण लिहितो. तीस वर्षं ग्वाल्हेरात इतिहास शिकवला आणि तरी फसलो.

चकमकीच्या दगडाच्या ठिणगीने बार उडणारं पिस्तूल, इंग्रज आणि शिंद्यांच्या महाराजपूरच्या लढाईतलं, म्हणे सरदारांच्या वाड्यातून आलेलं. विकणारा अस्खलित मराठी बोलणारा, "काका, हे तुमच्याच घरी शोभेल" म्हणणारा. आपला माणूस म्हटल्यावर संशय कोण घेतो? 20,000 यूपीआयने, 48,500 रोख. पावती नाही. (शंभर वर्षांवरच्या वस्तू विकायला परवाना लागतो, तो आधी बघा.)

भिंग त्यानेच हातात दिलं. चापावरच्या पट्टीवर मुकुट, खाली जीआर (जॉर्ज रेक्स, म्हणजे जॉर्ज राजा), शेजारी मुकुट धरलेला सिंह, आणि 1843. मी मोठ्याने वाचलं, हो, मीच! चौथा जॉर्ज 1830 मध्येच गेला. 1843 ला गादीवर व्हिक्टोरिया, म्हणजे व्हीआर (व्हिक्टोरिया रेजिना, राणी) हवं. त्यात सिंह ईस्ट इंडिया कंपनीचा, जीआर राजाच्या फौजेचं. पोरांचे मी याच चुकीला मार्क कापत आलो. पण महाराजपूर 29 डिसेंबर 1843. सन जुळलं आणि अक्कल गेली. गिऱ्हाईक बघूनच सन घालतात मेले.

नळीवर मुकुटाखाली राजदंडांची फुली. म्हणजे जास्तीची दारू ठासून बार काढला, नळी टिकली, मग ठसा मारला. घरी कानात, म्हणजे नळीच्या बुडाशी ठिणगी आत जायच्या भोकात, दाभण घातलं, तर तांदळाच्या दाण्याएवढं जाऊन अडलं. भोक आरपार नाहीच! मग बार उडवला कुठून? दाभण खिशात ठेवूनच दुकानात जा. ठशांवरून नखही फिरवा: हातोडीचा ठसा एकीकडे खोल, एकीकडे पुसट बसतो. माझे सगळे साबणाच्या वडीवरच्या अक्षरांसारखे गुळगुळीत. ओतीव माल.

दुकानदार म्हणतो, शोभेची वस्तू म्हणूनच दिली. ठाण्यात चार फेऱ्या मारल्या. पहिल्यांदा टीआय साहेब, म्हणजे ठाण्याचे प्रमुख, नाहीत. दुसऱ्यांदा मलाच विचारलं, लायसन्स कुठाय? दुरुस्त करूनही न चालणाऱ्या जुन्या हत्याराला 1959 च्या आर्म्स अ‍ॅक्टच्या 45 व्या कलमात सूट आहे, असं सांगितलं, तर "मास्टरजी, कानून हमें मत सिखाइए." तिसऱ्यांदा सायबरवाल्यांकडे पिटाळलं. ते म्हणाले, पैसे तुम्ही स्वतःच पाठवलेत, आणि रोख आमच्याकडे येत नाही. चौथ्यांदा तपासासाठी म्हणून पिस्तूलच ठेवून घेतलं. जमा केल्याची पावती मागितली, तर हवालदार हसला: खिलौने की कैसी रसीद?