झाकणाच्या काठावरची एक रेघ

ओहायोतल्या एका जुन्या बाजारात एका मराठी जोडप्याने 'चेरी ब्लॉसम' नक्षीची डिप्रेशन ग्लासची गुलाबी बटर डिश चांगले पैसे मोजून घेतली. विक्रेत्याने जुनेपणाचे पुरावे दाखवले ते साच्याचा सांधा, काचेतला बुडबुडा आणि तळाचे ओरखडे. तिन्ही गोष्टी होत्याच. डिश मात्र नकली निघाली.

डिप्रेशन ग्लास म्हणजे १९३०च्या दशकातल्या महामंदीच्या काळातली अमेरिकन काच. वितळलेला रस यंत्राच्या साच्यात दाबला की नक्षी आपोआप उठते, हाताने कोरायला नको. म्हणूनच ती ओटच्या डब्यातून, सिनेमाच्या तिकिटावर फुकट मिळायची. 'चेरी ब्लॉसम' पेनसिल्व्हेनियातल्या जेनेट कंपनीची, १९३० ते १९३९ मधली. १९७३ पासून तिच्या नकला येताहेत, आणि त्याही साच्यातूनच निघतात. मग सांधा आणि बुडबुडा दोन्हींत असणारच.

बघायचं ते झाकणाच्या काठाजवळच्या कोऱ्या पट्टीवर. अस्सल झाकणावर अगदी जवळजवळ दोन रेघा असतात, नकलेवर एकच. या नक्षीत गडद कोबाल्ट निळा दिसला तर रेघा मोजायचीही गरज नाही, ती नकलीच. 'मेफेअर' या दुसऱ्या नक्षीच्या छोट्या ग्लासावर फुलाचा देठ खाली दुभंगलेला हवा. सरळ एकच देठ असेल तर ग्लास नवा.

'माद्रिद' नक्षीचा घोळ निराळाच. फेडरल कंपनीने १९७६ मध्ये ती पुन्हा काढली तेव्हा नक्षीत '७६' घातलं होतं. पुढे साचे इंडियाना ग्लासकडे गेले आणि आकडा खोडला गेला. 'आकडा नाही, म्हणजे जुनी' हे विक्रेत्याचं वाक्य म्हणूनच ऐकून सोडून द्यावं.

अतिनील टॉर्चचाही फार बोलबाला आहे. युरेनियमची हिरवी काच त्याखाली चमकते, पण तशी काच आजही बनते. आणि गुलाबी अस्सल असली तरी सहसा चमकत नाही.

ओरखडे भिंगाखाली पाहा. सुऱ्या-काट्यांचे ओरखडे वाटेल त्या दिशेने जातात, कमीजास्त खोल असतात. जुनी भासावी म्हणून मारलेल्या सँडपेपरचे एकाच दिशेने, एकसारखे. डिशवॉशरने काच कायमची धुरकटते आणि ते तेलाचा हात फिरवून लपवतात. साबणाने धुऊन, पूर्ण कोरडी करून काळ्या कापडावर ठेवली की धुरकटपणा परत दिसतो. काठावरून नख फिरवा: टवका घासून काढला असेल तिथे काठ सपाट लागतो.

त्या डिशच्या पावतीवर फक्त 'जुनी काच' लिहिलं होतं. कंपनी नाही, साल नाही. पैसे परत मागायला हातात काहीच नव्हतं.