द मन्स्टर्स: आठ महिन्यांनी, टीव्हीचा आवाज गेल्यावर

‘द मन्स्टर्स’ या जुन्या अमेरिकी विनोदी मालिकेचा डीव्हीडी संच भाच्याचा. तो शिकागोहून कायमचा परत आला तेव्हा भांडीकुंडी तिथेच वाटून टाकली, डीव्हीडींचे डबे मात्र बॅगेत घालून आणले. त्याच्याकडे प्लेअर नाही, म्हणून आले माझ्याकडे. डीव्हीडी ज्या भूभागासाठी काढलेली असते तिथल्याच प्लेअरवर चालते, त्याला रीजन म्हणतात. डिस्क अमेरिकेतल्या, म्हणजे रीजन एकच्या, आणि आपल्याकडचे प्लेअर रीजन पाचचे. माझ्या जुन्या प्लेअरला रिमोटवरून कोड मारून सगळे रीजन कधीच उघडून घेतलेत, त्यामुळे खर्च शून्य. फुकट मिळालेल्या वस्तूला नावं ठेवू नयेत असं हिचं म्हणणं. पण ७० पैकी ६१ भाग बघून झालेत आणि मधे जे घडलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

फ्रँकेनस्टाइनच्या राक्षसासारखा दिसणारा हर्मन, त्याची बायको लिली, तिचा बाप आजोबा ड्रॅक्युला, आणि १३१३ मॉकिंगबर्ड लेन हा या भुताळी कुटुंबाचा पत्ता, हे सगळं तुम्हाला ठाऊक असणारच. माझं भांडण एकाच गोष्टीशी होतं, ते म्हणजे हसणं. सेटवर प्रेक्षक नाहीत, कोणी बघायला बसलेलं नाही, तरी दर दुसऱ्या वाक्याला खदाखदा. त्या काळात अमेरिकेतल्या बहुतेक विनोदी मालिकांना चार्ली डग्लस नावाच्या माणसाच्या पेटीतलं हसू लावत. टाइपरायटरसारखी बटणं, खाली पेडल. कुठलं बटण दाबल्यावर किती माणसं हसणार हे त्यालाच माहीत, आणि पेटीला म्हणे कुलूप. लिली व्हॅक्यूम क्लीनरने घरात धूळ पसरवते, हसा. जिन्याच्या पायऱ्या उचलल्या जाऊन खालचा पाळीव ड्रॅगन स्पॉट आग ओकतो, हसा. तिसऱ्या महिन्यापर्यंत त्या गर्दीतली एक बाई मला ओळखू यायला लागली. सगळे थांबल्यावर ती एकटी ‘हूऽऽहू’ करून शेपूट जोडते. एकदा ती ऐकू आली की विनोद बाजूला राहतो आणि तिचीच वाट बघत बसावं लागतं. हिला सांगितलं, तर आता हिलाही ऐकू येते.

तेव्हा मी परीक्षण लिहिलं असतं तर पाचात दोन तारे दिले असते. अशाच विचित्र कुटुंबाची ‘ॲडम्स फॅमिली’ ही मालिका याहून हुशार, असंही वर लिहिलं असतं. दोन्ही मालिका १९६४ च्या सप्टेंबरात आठवड्याच्या अंतराने सुरू झाल्या आणि दोन्ही १९६६ च्या उन्हाळ्याआधी आटोपल्या. मन्स्टर्सच्या वेळेला गुरुवारी समोरच्या चॅनलवर रंगीत बॅटमॅन येऊन बसला, मग काळ्यापांढऱ्या भुतांकडे कोण बघतो! खरं तर नमुन्याचा पहिला तुकडा रंगीत काढला होता, त्यात हर्मनची बायकोही वेगळी होती. मग युनिव्हर्सल या स्टुडिओच्याच जुन्या भयपटांसारखं दिसावं म्हणून कृष्णधवल केलं. हा निर्णय मला शंभर टक्के पटतो. ते जाळीजळमटं लागलेलं घर रंगात बघवलं नसतं.

तर पाचव्या महिन्यात टीव्हीचा आवाज गेला. चित्र झकास, आवाज शून्य. सर्व्हिसवाल्याने न उघडताच ‘बोर्ड गेला, ३८०० लागतील’ असं सांगितलं, आणि नुसतं येऊन जायचे ३५० घेतले. दहा वर्षांच्या टीव्हीला ३८००! मी हात जोडले. बातम्या मोबाईलवर ऐकल्या, आणि मन्स्टर्स सबटायटल लावून मुक्याने बघायला लागलो.

पहिल्या भागापासून परत सुरू केलं. हर्मन चिलखत घालून फॅन्सी ड्रेसच्या पार्टीला जातो. यजमान नेमका फ्रँकेनस्टाइनचा राक्षस होऊन आलेला. आणि हर्मनचा खरा चेहरा हा आतला दुसरा मुखवटाच, असं लोक धरून चालतात. आवाजासकट मी यावर खेकसलो होतो. मुक्याने बघताना पहिल्यांदा हर्मन झालेल्या फ्रेड ग्विनचे डोळे दिसले. साडेसहा फुटांच्या आसपास उंचीचा माणूस, त्यात उंच बूट, अंगावर फोमचा भार, चेहऱ्यावर तासन् तासांचा मेकअप, आणि त्यातून तो चार वर्षांच्या पोरासारखा रुसतो. रागाने पाय आपटतो तेव्हा आवाज नसतानाही घर हललेलं कळतं.

पण दुसरी गोष्ट जास्त विचित्र होती. हसू काढून टाकलं की त्याच्यासाठी सोडलेल्या जागा उघड्या पडतात. आजोबा काहीतरी बोलतात आणि मग सगळं कुटुंब दोन-तीन सेकंद गप्प उभं राहतं. कोणी हलत नाही. मागे मेणबत्ती, कोळिष्टकं. मग लिली सावकाश मान वळवते. रात्री साडेअकराला मी एकटा बघत होतो. खोटं कशाला सांगू, उठून दिवा लावला. जी मालिका भीतीची थट्टा करते ती त्या तीन सेकंदांत खरोखर भीतीची होते. घरातली एकटीच साधी दिसणारी भाची मेरिलिन, तिची नटी तेरा भागांनंतर बदलली, तेही आवाज असताना मला फारसं जाणवलं नव्हतं. मुक्यात मात्र घरात परकी मुलगी येऊन बसली आहे आणि कोणालाच पत्ता नाही, असं वाटत राहिलं.

हर्मनच्या सासऱ्याच्या, म्हणजे आजोबांच्या, चपळाईचं कोडंही तेव्हाच सुटलं. हा घरजावई नव्हे, घरसासरा. पण आजोबा झालेला ॲल लुइस हा आपल्या ‘मुली’पेक्षा, म्हणजे लिली झालेल्या इव्हॉन डी कार्लोपेक्षा, काही महिन्यांनी लहान. तो म्हातारा इतका चपळ का, हे शब्द बंद झाल्यावर कळलं.

दुसऱ्या सीझनबद्दल फार लिहीत नाही. हर्मन दार फोडून येतो ते टायटल छान, गिटारही जोरदार, पण गोष्टी त्याच त्याच.

महिन्याभराने भाच्यानेच कॉम्प्युटरचे जुने स्पीकर आणून मागच्या भोकात वायर खुपसली. आवाज आला. बोर्ड वगैरे काही गेलेलं नव्हतं, नुसते आतले स्पीकर मेले होते. ३५० रुपये मात्र गेले ते गेलेच. लगेच एक भाग लावला. हर्मन जिन्यावरून गडगडला, सगळे हसले, थांबले, आणि मग ‘हूऽऽहू’.

स्वयंपाकघरातून हिने विचारलं, “आली का हो ती?”

तारे साडेतीन करतो. नऊ भाग उरलेत. ते ही झोपल्यावर वायर काढून बघणार आहे, फक्त दिवा लावून.