इगतपुरीचे दहा दिवस की रोजची पंधरा मिनिटं?

कारखान्यात 'काहीतरी आध्यात्मिक' सुरू करायचंय, काय करू, असं गेल्या दोन महिन्यांत तिघांनी विचारलं. तिघेही लहान युनिटवाले. इगतपुरीचं दहा दिवसांचं विपश्यना (मौन ध्यानाचं) शिबिर आणि शॉपमध्ये रोज पंधरा मिनिटं शांत उभं राहून झाडणं, मी दोन्ही करून बसलोय, म्हणून लिहितो. अंबडला माझं ६० माणसांचं मशीन शॉप आहे; मोठ्या कंपन्यांचं गणित वेगळं असेल.

विपश्यनेबद्दल मनात आदरच आहे. ही शिबिरं भारतात सुरू करणारे गोयंका गुरुजी ज्यांच्याकडे शिकले ते सयाजी ऊ बा खिन ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते आणि कचेरीतल्या लोकांनाही साधना शिकवायचे. त्यामुळे नोकरीधंदा आणि साधना एकत्र कशी जमणार, हा प्रश्न तिथे कधीच सुटलाय. धम्मगिरीला, म्हणजे इगतपुरीच्या केंद्रात, मी स्वतः बसलो. पहाटे चारची घंटा, दहाव्या सकाळपर्यंत मौन, फी नाही. सातव्या दिवशी गुडघा ठणकत असताना पहिल्यांदा ध्यानात आलं, की कामगारावर ओरडण्याआधी माझ्या छातीत काहीतरी गरम होतं. ही कमाई खरीच. मग दोन सुपरवायझर पाठवले, तेही निवळून आले.

खटकलं ते पुढचं. आदल्या दुपारी पोचायचं, अकराव्या दिवशी सकाळी निघायचं, म्हणजे १२ दिवस गेले. एवढी रजा साहेबांना मिळते, रोजावरच्या ऑपरेटरला नाही. परत आल्यावर सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायचं असतं. पाळी बदलली की आधी तेच सुटतं. (माझंही चौथ्या महिन्यात सुटलं.) आणि चार नंबरच्या लेथखाली कूलंट (कापताना धातू थंड ठेवणारं तेल-पाणी) गळतच राहिलं. सुपरवायझर पूर्वी त्यावरून चिडायचा, आता चिडत नव्हता, एवढाच फरक. खाली दुधाळ पाणी, त्यावर टाकलेलं कॉटन वेस्ट (पुसायच्या सुताचा गुंता) आणि त्यावरून सावकाश चालत जाणारा शांत माणूस. हे मला बघवेना.

आमचे फोरमन अमरावतीकडचे, घरात तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाचं वातावरण. ते म्हणाले, "साहेब, सकाळी सगळे मिळून डोळे मिटू, मग झाडू घेऊ. पहिला तुम्ही घ्या." गाडगेबाबांचंही तेच, आधी गाव झाडायचं, मग रात्री कीर्तन. आमच्याकडे कीर्तन नाही. प्रार्थनाही मुद्दाम ठेवली नाही, सगळ्या धर्मांची मुलं आहेत. पाच मिनिटं शांत उभं राहायचं, दहा मिनिटं आपापल्या मशीनभोवती झाडायचं. मी चार नंबरला.

तिसऱ्या दिवशी वाकून ट्रे ओढला तेव्हा कळलं, गळती नव्हतीच. चिप्सनी (धातूच्या कापलेल्या किसाने) जाळी तुंबून कूलंट काठावरून सांडत होतं. ऑपरेटरला माहीत होतं. "सांगितलं होतं की," म्हणाला. कुणाला, ते मी विचारलं नाही. आता जाळी रोज साफ होते. कूलंटचा बॅरल किती जास्त टिकतो हे मोजलेलं नाही, पण खरेदीवाला सही मागायला कमी वेळा येतो. चिप्स निथळून जातात, भंगारवाला भावात घासाघीस करत नाही. तेलकट चिंध्यांना वेगळा ड्रम आला, तोही ऑपरेटर लोकांनीच मागितला.

दोष यातही आहेत. मालक बाहेरगावी गेला की झाडू कोपऱ्यात. पहिला महिना लोकांना हे नाटक वाटतं. आणि ही पंधरा मिनिटं पाळीच्या वेळात धरली नाहीत तर ती सरळ बेगार होते, तसं कृपया करू नका. मन आतून बदलायचं म्हणाल, तर इगतपुरीच्या जवळपासही हे जात नाही.

तेव्हा स्वतःची चिडचिड हाच मुख्य त्रास असेल तर इगतपुरीचा फॉर्म भरा. दिवाळीच्या सुट्टीतली तारीख हवी असेल तर बरंच आधी. शॉपसाठी काही शोधत असाल तर मी आपला आधी झाडू आणीन. दुसऱ्या पाळीत मात्र आमचं अजून जमलेलं नाही. साडेतीनला मी बहुधा बँकेत नाहीतर गिऱ्हाइकाकडे असतो, त्यामुळेच असावं.