अभ्यासाच्या टेबलावर कोणता दिवा: स्प्रिंगचा, चार्जिंगचा की तांब्याचा?

भाची एमपीएससीच्या अभ्यासासाठी पुण्यात आली. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर जागा, भिंतीला लावलेलं छोटं टेबल आणि पाठीमागे छताला एकच ट्यूब. वाचायला बसली की स्वतःच्याच डोक्याची सावली पुस्तकावर पडते. "मावशी, एक चांगला दिवा बघून दे," म्हणाली. त्यासाठी विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत दोन फेऱ्या झाल्या, एक तांब्याची भांडी घडवणाऱ्यांच्या तांबट आळीत. शेवटी तीन प्रकार उरले.

पहिला, दोन सांध्यांचा, स्प्रिंगच्या हाताचा. माझा कल आधीपासून याच्याकडे, कारण यामागची कल्पना फार सुंदर आहे. जॉर्ज कारवार्डाइन हा इंग्रज अभियंता मोटारींच्या सस्पेन्शनवर, म्हणजे धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगांच्या रचनेवर, काम करायचा. दिवा पुढे नेला की सांध्यावर भार वाढतो, जवळ आणला की कमी होतो. साधी स्प्रिंग कुठल्या तरी एकाच जागी तोल धरते. त्यानं स्प्रिंगा अशा बेतानं बसवल्या की भार बदलेल तशी त्यांची ओढही बदलते. म्हणून हात जिथे सोडाल तिथे थांबतो, काही आवळावं लागत नाही. १९३२ मध्ये त्यानं पेटंट घेतलं आणि स्प्रिंगा बनवणाऱ्या हर्बर्ट टेरी कंपनीनं हा दिवा 'अँगलपॉइज' नावानं काढला. आधी चार स्प्रिंगांचा, मग घरांसाठी तीन स्प्रिंगांचा.

आपल्याकडे याच आकाराचे स्टडी लॅम्प ढिगानं मिळतात, पण सगळे सारखे नसतात. काहींत स्प्रिंग नुसती दिसायला असते, खरा भार नॉब पेलतो. दुकानातच बघा: नॉब सैल करा, डोकं एका बोटानं खाली आणा आणि बोट काढा. तिथेच राहिलं तर घ्या. हळूहळू मान टाकू लागलं तर सहा महिन्यांत रोज नॉब पिळत बसाल.

हे हलणं चैनीसाठी नाही. दिवा वहीपासून दुप्पट दूर गेला की प्रकाश ढोबळमानानं चौथाईवर येतो. नकाशा बघताना दिवा वर, बारीक टाइप वाचताना खाली, असं दिवसातून दहा वेळा करावं लागतं. शिवाय यात बहुधा साधा होल्डर असतो. बल्ब गेला तर कोपऱ्यावरच्या दुकानातून दुसरा आणायचा, बस्स.

दुसरा, चार्जिंगचा एलईडी दिवा. स्वस्त, हलका, वायर नाही. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली तरी अभ्यास थांबत नाही आणि जिथे एका प्लगवर तीन मुली मोबाइल चार्ज करतात तिथे ही मोठीच सोय. पण माझा अनुभव चांगला नाही. आमच्या घरी असा एक होता. दुसऱ्या वर्षी तो जेमतेम अर्धा तास चालू लागला. बॅटरी बदलायला उघडावा म्हटलं तर कुठे स्क्रूच नाही, सगळं चिकटवलेलं. बॅटरी झिजते हे समजू शकते, ती बदलता येऊ नये असा दिवा घडवणं मला पटत नाही. त्याची लवचीक मानही नुसत्या घर्षणावर टिकते आणि वापरानं सैल पडते. घ्यायचाच असेल तर मोबाइलचा कॅमेरा त्याच्यासमोर धरा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर प्रकाश लुकलुकतोय, तो ठेवून द्या.

तिसरा कसबा पेठेतल्या त्याच तांबट आळीतला, मठारकाम केलेल्या तांब्याच्या शेडचा. हातोडीच्या ठोक्यांनी नुसती नक्षी उमटत नाही, पातळ पत्रा कडकही होतो. हे मला तिथे काम बघताना उमगलं आणि मी बराच वेळ उभीच राहिले. आतून परतणारा प्रकाश मात्र तांबूस होतो. जेवणाच्या टेबलावर तो मायेचा वाटतो, पांढऱ्या कागदावर नको. घरासाठी जरूर घ्या, फक्त शेड धातूची आहे तेव्हा तीन पिनांचा प्लग आणि अर्थिंग बघून घ्या.

भाचीसाठी स्प्रिंगचा घेतला. त्यात ४००० केल्विनचा बल्ब लावला (केल्विनचा आकडा उजेडाचा रंग सांगतो, कमी तितका पिवळसर); ६५००चा निळसर पांढरा रात्री उशिरा मला डोळ्यांवर येतो, पण ज्याची त्याची आवड. बूड असलेला न घेता टेबलाच्या कडेला आवळायचा शिकंजावाला घेतला, म्हणजे वह्यांची जागा अडत नाही. आधी टेबलाच्या फळीची जाडी मोजून घेतली होती, ते बरं झालं. उजव्या हातानं लिहिणाऱ्यांनी दिवा डावीकडे लावावा, लिहिताना हाताची सावली पडत नाही. भाची डावखुरी आहे, तिचा उजव्या कडेला लावून आले.