दामोदर मावळंकरांच्या लेखनाचा संग्रह : मडगावात मिळालेली जुनी प्रत

थिऑसॉफी या गूढविद्येच्या चळवळीच्या आरंभकाळातील पत्रव्यवहाराची चर्चा बहुधा तिच्या एक संस्थापक मॅडम ब्लाव्हाट्स्की आणि अलाहाबादच्या ‘पायोनियर’चे संपादक सिनेट यांच्यापाशीच थांबते; त्यातील कित्येक पत्रे ज्यांच्या हातून जात-येत, त्या दामोदर मावळंकरांकडे सहसा कोणी वळत नाही. म्हणूनच स्वेन ईक यांनी संकलित केलेला, १९६५ साली मद्रासमधील अड्यारहून, म्हणजे थिऑसॉफिकल सोसायटीच्या मुख्यालयातून, निघालेला त्यांच्या लेखनाचा इंग्रजी ग्रंथ मडगावातील जुन्या पुस्तकांच्या दुकानात दिसताच मी तो घेतला.

१८५७ मध्ये अहमदाबादेत जन्मलेले दामोदर १८७९ साली मुंबईत थिऑसॉफिकल सोसायटीचे सभासद झाले आणि पुढे जात व वडिलोपार्जित संपत्तीवरील हक्क सोडून पूर्णवेळ तिथेच राबू लागले. थिऑसॉफिस्ट ज्यांना हिमालयापलीकडचे गुरू मानत, त्या कूट हूमी यांचा चेला म्हणून त्यांचे नाव झाले खरे. पण ‘थिऑसॉफिस्ट’ मासिकाची व्यवस्था, वर्गणीदार आणि देशोदेशींच्या पत्रांना उत्तरे हा सारा भारही त्यांच्याच शिरावर होता. माझ्या मते त्यांचे शिष्यत्व या रोजच्या कष्टांतच अधिक स्पष्ट दिसते. सोसायटीचे एक संस्थापक, न्यूयॉर्कचे विल्यम जज यांना लिहिलेली पत्रे हा ग्रंथाचा गाभा आहे. देहाबाहेर जाण्याचे जे अनुभव त्यांत आहेत, त्यांवर वाचकाचा विश्वास बसो वा न बसो, विशीतल्या त्या मुलाची तळमळ मनाला भिडल्याशिवाय राहत नाही.

तिबेटच्या वाटेवरची १८८५ची रोजनिशी मात्र अगदी कोरडी आहे. २३ एप्रिलच्या अखेरच्या नोंदीत एवढेच आहे की, सकाळी भात खाऊन, सामान हमालांबरोबर दार्जिलिंगला परत पाठवून ते सिक्कीममधल्या काबीहून एकटेच पुढे निघाले. त्याच वर्षाअखेरीस सोसायटीतील कथित चमत्कारांची चौकशी करणाऱ्या हॉजसन यांच्या अहवालात दामोदरांवर फसवणुकीत साथ दिल्याचा ठपका आला, तेव्हा उत्तर द्यायला ते इथे नव्हते, तिबेटकडे निघून गेले होते. संकलक स्वतः थिऑसॉफिस्ट असल्याने त्यांचा कल कुठे आहे हे उघड आहे. म्हणून हा ग्रंथ वाचताना तो अहवालही जवळ असावा.

प्रतीची स्थिती चांगली आहे. गोव्याच्या पावसाळ्यात जुन्या कागदाला बुरशी लागायला वेळ लागत नाही; दुकानदाराने मात्र पानांत कडुलिंबाचा पाला ठेवला होता, सुटलेली शिवणही नीट घालून दिली. शिवाय विकत घेण्याआधी निवांत बसून वाचू दिले, त्यामुळे या दुकानाची मी मनापासून शिफारस करतो.